त्या सोमवारी सगळ्यांची नजर सुधारली

आमच्या घराण्यात कॉम्प्युटरचं शिक्षण कोणीच घेतलेलं नाही. पण ज्याला वाय-फायचा पासवर्ड पाठ असतो त्याला आमच्याकडे इंजिनिअर म्हणतात, आणि तो मी. त्यामुळे चष्म्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं काम काकांनी माझ्याकडे दिलं, तेव्हा कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

काकांचं दुकान म्हणजे पुढे काउंटर, मागे काकूचं काचा घासायचं मशीन आणि मधे बोगद्यासारखी लांब, अंधारी तपासणीची खोली. एका टोकाला खुर्ची आणि सहा मीटरवर, समोरच्या भिंतीला, अक्षरांचा पुठ्ठ्याचा तक्ता. हा तक्ता एकतीस वर्षं एकाच खिळ्यावर होता. त्याच्याविषयी बोलताना काका आवाज खाली आणत. "माणसाची नजर बदलते, तक्ता बदलत नाही," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आणि गिऱ्हाईक मान डोलवी, कारण त्याची हनुवटी काकांच्या हातात असे.

गेल्या महिन्यात तक्ता बदलला. त्याच्या जागी मोठी स्क्रीन आली आणि स्क्रीनवर अक्षरं दाखवणारा प्रोग्राम. बटण दाबलं की अक्षरं दर वेळी नवी. हा प्रोग्राम जुन्या सिस्टिमवर चालेना, म्हणून शनिवारी मी नवी टाकली. टाकल्यावर प्रोग्रामने सांगितलं, पट्टीने मोजून घ्या, सर्वांत मोठं अक्षर अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर उंच भरलं पाहिजे. काकूने पट्टी धरली, मी माउस धरला, काकांनी श्वास धरला. अठ्ठ्याऐंशी भरलं. मग निघता निघता मी ग्राफिक्स कार्डासाठी त्याच्या कंपनीचा खास ड्रायव्हर, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढून देणारा प्रोग्राम, टाकला, कारण नेटवर लिहिलं होतं की त्याने चित्र आणखी स्वच्छ दिसतं. मशीन बंद होऊन सुरू झालं, एका निळ्या पडद्यावर काहीतरी विचारलं, चहा आला होता म्हणून मी एंटर दाबलं, पुन्हा लोगो दिसला आणि मी समाधानाने स्विच बंद केला.

सोमवारी सकाळी काकांनी स्विच दाबला. लोगो आला आणि मग स्क्रीन काळी झाली. डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत राहिली.

"काय झालं?" काकांनी मला विचारलं.

"लोगोपर्यंत ठीक होतं. मग काळं झालं."

"एकदम की हळूहळू?"

"एकदम."

"आधी काही चमकलं होतं?"

"हो, एकदा."

"डोकं दुखतं?"

"काका, स्क्रीन आहे ती."

"सवय रे," काका म्हणाले आणि बॅटरी काढून स्क्रीनमध्ये मारून बघितली.

एरवी मी म्हटलं असतं, उद्या बघू. पण त्या दिवशी काकूचा भाऊ येणार होता. तो खाडीवरच्या लाँचचा सारंग. म्हणजे लाँच चालवतो, आणि सगळा गाव त्याच्या भरवशावर ऐलतीरावरून पैलतीरी जातो. मी त्याला मामा म्हणतो. दर वर्षी नजरेचा दाखला बंदर कार्यालयात द्यावा लागतो आणि या वर्षीची शेवटची मुदत त्याच दिवशी पाच वाजता संपत होती. दाखला नसला तर लाँच दुसऱ्याच्या हाती आणि मामा तिकिटाच्या खिडकीत. मामा म्हणायचा, "खिडकीत बसवण्यापेक्षा मला पाण्यात टाका." काकूला हे दोन्ही पर्याय मान्य नव्हते.

"माझ्या भावाचं सुकाणू तुझ्या हातात आहे," ती मला म्हणाली आणि आधी स्वतःच उपचार केला. चष्म्याचं पाणी मारून, मऊ पिवळ्या फडक्याने तिने स्क्रीन चारी कोपऱ्यांपर्यंत पुसली. आता ती स्वच्छ काळी झाली.

मी वायर काढून पुन्हा लावली. दुसऱ्या भोकात लावली. मग "सिग्नल नाही" असं आलं. काकांना ते आधीपेक्षा बरं वाटलं, निदान काहीतरी वाचता येत होतं. मी वायर परत पहिल्या भोकात लावली. मोबाइलवर शोधलं. माझ्यासारखे हजारो लोक होते. सगळ्यांची स्क्रीन लोगोनंतर काळी होत होती आणि सगळ्यांना कोणी ना कोणी सांगत होतं की माझ्याकडे व्यवस्थित चालते. शेवटी एका सज्जनाने लिहिलेलं सापडलं. मशीन सुरू होताना शिफ्ट दाबून धरा, मेनू येईल, त्यात सुरक्षित ग्राफिक्स निवडा.

मी शिफ्ट दाबून धरलं. काकूने माझा खांदा दाबून धरला. मेनू आला. मी निवडलं, आणि स्क्रीन उघडली!

अक्षरं जरा अंगाने भरल्यासारखी वाटत होती. कडा मऊ, चित्र आडवं पसरलेलं. पण काळ्या पडद्यानंतर माणूस फार चिकित्सा करत नाही. मी म्हटलं, झालं. काकूने मला दोन्ही गालांना धरून हलवलं. दहा वाजले होते आणि बाहेर बाकावर माणसं बसली होती.

पहिल्यांदा काका स्वतः खुर्चीत बसले, मशीन तपासायला. त्यांनी डोळे बारीक केले, मोठे केले, एक एक झाकला. मग शांतपणे मला म्हणाले, "कडा पिंजारलेल्या दिसतात."

"स्क्रीनच्या?"

"अक्षरांच्या. वय झालं रे माझं."

इथे दुसरा कोणीही माणूस स्क्रीनवर संशय घेईल. पण काका चष्मेवाले. एकतीस वर्षांत त्यांच्या खोलीत जे जे धूसर दिसलं ते खुर्चीतल्या माणसामुळे दिसलं, भिंतीमुळे कधीच नाही. त्यांनी तपासणीची चौकट स्वतःच्या नाकावर चढवली, भिंगं बदलून बदलून पाहिली, एका भिंगाने "किंचित उजळतंय" असं ठरवलं आणि मागे हाक मारली, "अगं, माझ्या दोन काचा घे घासायला." अर्ध्या तासात त्यांच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता. त्यातून अक्षरं तशीच पिंजारलेली दिसत होती. काका म्हणाले, "सवय व्हायला आठवडा लागतो." हेही ते एकतीस वर्षं सांगत आले होते.

मग माणसं आत यायला लागली आणि विलक्षण प्रकार सुरू झाला. निवृत्त मुख्याध्यापिका बाई आल्या. मागच्या वर्षी त्यांना चौथ्या ओळीपुढे वाचता येत नव्हतं, आज सातवी वाचली. काकांनी नंबर कमी केला. "मी रोज गाजर खाते," बाई म्हणाल्या आणि सगळ्यांकडे पाहिलं. नंतर शिंपी आला. त्याने चष्म्याशिवाय तळाची ओळ वाचली. काकांनी सांगितलं, लांबचा चष्मा सोडा. शिंप्याने तो तिथेच काउंटरवर सोडला आणि शीळ घालत दारातून गेला. दाराच्या चौकटीला खांदा लागला, पण आनंदात असं होतं. त्या सकाळी आमच्या दुकानात सात जणांची नजर सुधारली.

फक्त एक गोष्ट वाईट होती. तपासणीच्या शेवटी काका स्क्रीनवर एक वर्तुळ दाखवतात. ज्याला ते वाकडं दिसतं त्याला सिलिंडरचा नंबर असतो. त्या दिवशी सातही जण म्हणाले, आडवं अंडं दिसतं.

"सात जणांना सिलिंडर," काका बाहेर येऊन हळूच काकूला म्हणाले. "मलासुद्धा. साथ दिसते."

"डोळ्याच्या नंबराची साथ असते?"

"अजूनपर्यंत नव्हती."

बारा वाजता मामा आला. नेहमी तो दारातून गडगडाट करत यायचा. आज गपचूप आला. खोलीत पुठ्ठ्याच्या तक्त्याऐवजी स्क्रीन पाहून तो जागीच थांबला.

"जावईबापू, तक्ता कुठाय?"

"अडगळीत. आता कॉम्प्युटर. दर वेळी नवी अक्षरं, बघा."

"नवी?" मामाने रुमालाने मान पुसली. "जुन्यांना काय झालं होतं?"

तो खुर्चीत असा बसला की वाटावं दात काढायचाय. काकांनी बटण दाबलं. मामाने पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीला तो स्वतःच चपापला. पाचवीला त्याचा गडगडाट परत आला आणि तळाची ओळ तर त्याने लाँचचा भोंगा वाजावा तशी वाचली. काकू मशीन बंद करून धावत आली. तिच्या डोळ्यांत पाणी.

"दादा, तळाची वाचलीस?"

"वाचली म्हणजे? अगं, अजून ओळी असत्या तर त्याही वाचल्या असत्या!"

"वर्तुळ कसं दिसतं, मेहुणे?" काकांनी विचारलं.

"आडवं अंडं."

"तुम्हालाही लागण," काका म्हणाले. "पण दाखल्याच्या आड येत नाही ते." आणि त्यांनी दाखला लिहून सही केली.

मी दारात उभा होतो. माझे डोळे बाविशीचे, आजवर कशालाच न वापरलेले. मी सहज स्क्रीनकडे पाहिलं. मलाही आडवं अंडं दिसलं.

साथ माझ्यापर्यंत आली, असा विचार मी साधारण तीन सेकंद केला. मग काउंटरवरची पट्टी उचलून मी स्क्रीनपाशी गेलो. सर्वांत मोठं अक्षर एकशे चोवीस मिलिमीटर भरलं. सुरक्षित ग्राफिक्समध्ये मशीन चित्र छोटंच काढतं आणि मग पोळी लाटावी तसं ओढून पूर्ण स्क्रीनभर पसरतं. शनिवारचं आमचं माप त्यात गेलं होतं. नजर कोणाचीच सुधारली नव्हती. अक्षरं जाड झाली होती.

माझ्या हातातली पट्टी मामाने पाहिली. त्याने मला कोपरापाशी धरून काचा घासायच्या मशीनमागे नेलं.

"भाचेबुवा, मशीन चालू आहे ना?"

"चालू आहे, पण मामा..."

"चालत्या इंजिनात हात घालू नये. हे मी तुला धंद्यातलं सांगतो."

"मामा, अक्षरं दीडपट मोठी आहेत."

"मग? खाडी काय लहान आहे?"

त्याचा चेहरा असा झाला होता की मला पट्टी खिशात घालावीशी वाटली. पण मला पोहता येत नाही आणि आठवड्यातून दोनदा मी त्या लाँचने जातो. लोक ज्याला सदसद्विवेकबुद्धी म्हणतात ती बहुधा हीच असावी. मी जाऊन काकांना सांगितलं.

काकांनी पट्टी घेऊन स्वतः मोजलं. दोनदा मोजलं. नवा चष्मा काढून तिसऱ्यांदा मोजलं. मग दाखल्यावर तिरकी रेघ ओढली.

"मेहुणे, तपासणी पुन्हा होईल. स्क्रीन सुधारल्यावर."

"आणि नाही सुधारली तर?"

"तर दाखला नाही."

काकूने फक्त माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बोललीच. एक वाजला होता.

मी परत त्या हजारो दुःखी लोकांत गेलो. त्यांच्यात एक बाई होत्या, ज्यांनी माझं दुःख अक्षरशः माझ्याच क्रमाने लिहिलं होतं. ड्रायव्हर टाकला, निळा पडदा आला, एंटर दाबलं, मग काळोख. खाली उत्तर होतं. त्या निळ्या पडद्यावर मशीन विचारतं, हा ड्रायव्हर तुमच्या ओळखीचा आहे का? तुम्ही हो म्हणायचं आणि ड्रायव्हर टाकताना तुम्हीच ठरवलेला पासवर्ड टाकायचा. नुसतं एंटर दाबलं की मशीन समजतं, ओळखीचा नाही, आणि त्याला दारातच अडवतं. मग चित्र कोण काढणार? कोणीच नाही.

म्हणजे शनिवारी मी माझ्याच पाहुण्याला ओळख दाखवली नव्हती.

"चूक कोणाची होती?" काकांनी विचारलं.

"चहाची," मी म्हटलं.

मी अडवलेला ड्रायव्हर काढला, पुन्हा टाकला, नवा पासवर्ड ठरवून कागदावर लिहिला, कागद काकूच्या हातात दिला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. निळा पडदा आला. त्यावर दहापासून उलटी मोजणी सुरू झाली. नऊ. आठ.

"दाब काहीतरी!" काकू म्हणाली.

"तेच तर शनिवारी केलं!"

मी बाण खाली नेला, "नोंदवा" निवडलं. काकूने पासवर्ड एकेक अक्षर मोठ्याने वाचला, तिसऱ्या अक्षराला शून्य म्हणाली, मी कागदावर वाकून पाहिलं, तो ओ होता. मशीन बंद झालं. सुरू झालं. लोगो आला. पुन्हा काळं झालं. मग स्क्रीन उघडली, अक्षरांच्या कडा ब्लेडने कापल्यासारख्या. वर्तुळ गोल होतं. मोठं अक्षर पट्टीने अठ्ठ्याऐंशी भरलं.

"साथ गेली," काका म्हणाले आणि आपला नवा चष्मा खोक्यात ठेवून दिला. मग सकाळच्या सातही जणांना परत बोलवायला फोन लावले, पहिला मुख्याध्यापिका बाईंना. बाई म्हणाल्या, मी परत येणार नाही, मला जे दिसायचं ते दिसलं.

पावणेतीनला मामा पुन्हा खुर्चीत बसला. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीला डोळे बारीक केले, पुढे वाकला, काकांनी कपाळ धरून मागे नेलं. तिसरीतलं एक अक्षर बरोबर आलं. चौथ्या ओळीला त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. आणि मग एकदम, एका दमात, अजिबात न अडखळता म्हणाला, "ल, ग, म, प, न, द."

स्क्रीनवर यातलं एकही अक्षर नव्हतं.

काकांनी ओळ पाहिली. मामाकडे पाहिलं. "मेहुणे," ते सावकाश म्हणाले, "ही पुठ्ठ्याच्या तक्त्याची तळाची ओळ आहे."

"हो का?"

"कधीपासून पाठ आहे?"

मामाने टोपी काढून मांडीवर ठेवली. "नऊ वर्षं."

काका स्टुलावर बसले. "एकतीस वर्षांत मी खोटा दाखला दिला नाही."

"खोटा कुठे? तुम्ही विचारलं, मी म्हटलं, तुम्ही लिहिलं. तुमच्याकडून व्यवहार चोख होता, जावईबापू."

"आणि लाँच कशी चालवता?"

"खाडी पाठ आहे मला. वळणं, खडक, वारा, सगळं. लांबचं जरा सरमिसळ दिसतं, पण खाडी कुठे जाते?"

"चष्मा का नाही लावत?"

"सारंगाच्या डोळ्यांवर चष्मा? लोक लाँच बघून पुलावरून जातील. पाच मैल चालत."

मागून काकू आली. तिच्या एप्रनवर काचेची पांढरी भुकटी होती. "दादा, परवा रस्त्यात तू पोस्टाच्या पेटीला 'कशी आहेस' विचारलंस. मी पलीकडे उभी होते. मला वाटलं, थट्टा करतोयस."

"मलाही वाटलं, रागावलीयस. उत्तर दिलं नाहीस म्हणून."

"चष्मा लावून दाखला मिळतो?" काकूने काकांना विचारलं.

"मिळतो. नियमात आहे. चष्म्यासह पात्र, असं लिहायचं."

"मग नंबर काढा. मी काचा घेते." आणि भावाकडे वळून, "तिकिटाची खिडकी हवी का चष्मा, एवढंच सांग."

मामाने टोपीच्या आत बघितलं, तिथे तिसरा पर्याय नसावा. मग त्याने चौकट घालून घेण्यासाठी नाक पुढे केलं.

सव्वाचारला चष्मा तयार झाला. मामाने तळाची ओळ वाचली, यावेळी खरी, आणि वाचून झाल्यावर भोंगा वाजवला नाही. पावणेपाचला बंदर कार्यालयातल्या कारकुनाने दाखल्यावर शिक्का मारला. कारकुनाने मान वर केली नाही. मामा मात्र त्याच्याकडे टक लावून पाहत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "याला मिशी आहे?"

साडेपाचच्या फेरीला काकू आणि मी मुद्दाम लाँचवर बसलो. काकूला भाऊ बघायचा होता, मला खात्री करून घ्यायची होती. गर्दी नेहमीची. लोकांनी मामाचा चष्मा पाहिला, एकमेकांकडे पाहिलं, पण पूल खरोखरच पाच मैलांवर होता.

मामाने लाँच काढली. खाडीच्या मध्यावर त्याने चष्मा नाकावर नीट बसवला. सुकाणू धरून समोरच्या काठाकडे पाहत राहिला. लाँचमधले लोक नेहमीप्रमाणे उठून उतरायची तयारी करू लागले होते. विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या, चपला हातात. कारण पलीकडे उतरायचं म्हणजे निसरड्या दगडांच्या उतारावर, घोटाभर पाण्यात. मीही कायम तसाच उतरत आलो.

"भाचेबुवा," मामा हळूच म्हणाला, "ते उजवीकडे काय आहे? सिमेंटचं, लांब, रेलिंग असलेलं?"

"धक्का आहे, मामा. लाँचचा."

"कधी झाला?"

"आठ वर्षं झाली."

"मला वाटलं, अजून काम चालू आहे."

"आम्हाला वाटलं, अजून तुम्हाला परवानगी नाही."

मामाने थोडा वेळ विचार केला. मग सुकाणू उजवीकडे फिरवलं. लाँचमध्ये खळबळ उडाली. "अहो, कुठे चाललात?" "उतार तिकडे राहिला!" मागून एक जण दुसऱ्याला म्हणाला, "म्हणत होतो ना, चष्मेवाला आहे, दिसत नसेल त्याला."

लाँच धक्क्याला हलकेच लागली. पाय न भिजवता उतरण्याची ही पहिलीच वेळ होती आणि कोणालाच ते जमेना. लोक चपला हातात घेऊन कोरड्या सिमेंटवर अनवाणी उभे राहिले. एका आजीबाईंनी धक्का या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला, मामाकडे रागाने पाहिलं, आणि साडी सावरत धक्क्याच्या पायऱ्या उतरून घोटाभर पाण्यातून उताराकडे गेल्या. घरी जायची वाट त्यांना तिथूनच माहीत होती.